पोरक्यांची माउली

सह्याद्रीच्या घाटातील एका अरुंद पायवाटेने एक कुटुंब अरण्याबाहेर निघाले होते. साठीच्या घरातील एक शास्त्री, त्यांची पत्नी, मुले आणि थोडेसे सामान, एवढाच तो लवाजमा होता. सामान वाहणाऱ्या एका माणसाच्या डोक्यावर वेताची एक पेटी होती आणि त्या पेटीत सहा महिन्यांची एक मुलगी शांत निजली होती. आपले घर कायमचे मागे पडत आहे, याची त्या बालिकेला कल्पना नव्हती. पुढे वीस-बावीस वर्षे तिला स्वतःचे असे घर मिळावयाचे नव्हते. वेताच्या पेटीतून ज्या मुलीचा जीवनप्रवास सुरू झाला, तिनेच उत्तरायुष्यात हजारो निराधार मुलींना घर दिले. त्या मुलीचे नाव रमा. जगाने तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. विद्यार्थिदशेत पुण्यात असताना आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यातील एका स्त्रीला संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पाहिले होते. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून ते विस्मित झाले आणि आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावयाची, असा त्यांनी निश्चय केला. त्या काळी स्त्रीने अक्षर ओळखणे हेसुद्धा अशुभ मानीत. मग देववाणी शिकणे तर दूरच. अनंतशास्त्र्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकविण्यास प्रारंभ करताच जातभाईंचा रोष ओढवला. उडुपी येथे पंडितांची सभा भरली. शास्त्रीबुवांनी शास्त्रवचनांच्या आधारे आपला पक्ष इतक्या समर्थपणे मांडला की सभेला तो खोडून काढता आला नाही. तथापि लोकांची मने वळली नाहीत. तेव्हा शास्त्रीबुवा गाव सोडून अरण्यात गेले, रान साफ करून त्यांनी झोपडी बांधली आणि तेथे विद्यादान आरंभिले. शिष्यांची व अतिथींची वर्दळ वाढली. आल्यागेल्याला विन्मुख पाठवावयाचे नाही हे त्यांचे व्रत होते. त्या व्रतापायी घरातील पैसा संपला, जमीन गेली आणि अखेरीस सर्व कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले.

तीर्थक्षेत्री जावे, मंदिरात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा जीवनक्रम सुरू झाला. वडिलांची दृष्टी मंद होत गेल्यामुळे रमाबाईंना शिकविण्याचा भार आईने उचलला. पहाटे, घरकामाला हात लावण्यापूर्वी, लक्ष्मीबाई मुलीला जागी करीत आणि तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. ना शाळा, ना फळा, ना पुस्तकांचे कपाट. वाटेवरची धर्मशाळा हीच त्यांची पाठशाळा होती. अशा रीतीने लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले. भिन्न भिन्न प्रांतांतून फिरताना मराठी, कन्नड, हिंदी, बंगाली अशा भाषाही त्यांच्या कानांवर पडल्या व जिभेवर रुळल्या.

परंतु विद्येने पोट भरत नाही, असे दिवस लवकरच आले. दक्षिण हिंदुस्थानात दुष्काळ पडला. पुराण ऐकण्यास श्रोते येईनात. आले तरी त्यांच्यापाशी देण्यासारखे काही उरले नव्हते. अंगावरचे दागिने गेले, भांडीकुंडी गेली. मोलमजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्यास जीभ उचलत नव्हती. अखेरीस हे कुटुंब एका अरण्यात शिरले. तेथे अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडांची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. त्या उपासमारीतून अनंतशास्त्री उठले नाहीत. इ. स. १८७४ मध्ये त्यांनी देह ठेवला.

पाठोपाठ आईने अंथरूण धरले. तापाच्या ग्लानीत ती अन्न मागू लागली. घरात दाणा नव्हता. तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाई शेजारच्या एका घराच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मागावयाचे होते बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा. पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून मात्र अश्रूंच्या धारा लागल्या. त्या घरच्या बाईने ओळखले आणि भाकरीचा तुकडा हाती ठेवला. रमाबाई धावत आईकडे आल्या, पण तोवर आईच्या अंगी तो गिळण्याचेही त्राण उरले नव्हते. थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाईही गेल्या. तिरडीला खांदा देण्यास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. रमाबाई उंचीने लहान, म्हणून त्यांना तिरडीची ती बाजू डोक्यावर घ्यावी लागली. स्मशान काही मैलांवर होते. काही काळाने वडील बहीणही पटकीने दगावली. भाकरीचा तो तुकडा आणि आईचा तो चेहरा रमाबाईंच्या अंतःकरणातून कधीही पुसला गेला नाही.

आता बहीण-भाऊ दोघेच उरले. दक्षिणेकडून उत्तरेकडे, तेथून पूर्वेकडे, अशी हजारो मैलांची वाटचाल त्यांनी पायी केली. पंजाबात झेलम नदीच्या काठी ऐन हिवाळ्यात त्यांच्यापाशी अंगावर घेण्यास पांघरूण नव्हते. रात्रीची थंडी असह्य होई, तेव्हा ती दोघे वाळूत खड्डा खणीत, त्यात निजत आणि वरून कोरडी वाळू ओढून घेत. असे दिवस काढीत इ. स. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली.

कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली. ही वीस वर्षांची तरुणी अस्खलित संस्कृतात उत्तरे देत आहे, हे पाहून सभा थक्क झाली. तेथे त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. कालपर्यंत जिला कोणी ओळखत नव्हते, तिचे नाव वर्तमानपत्रांतून देशभर गाजू लागले. ब्राह्म समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांची प्रत भेट दिली. स्त्रीने वेद वाचू नयेत असा संकेत असताना रमाबाईंनी ते वाचले. ज्ञान वाढले, तशा शंकाही वाढल्या. स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा मार्ग इतका अवघड का असावा, हा प्रश्न त्यांच्या मनाला सतत टोचू लागला.

दैवाचे आघात अद्याप संपले नव्हते. इ. स. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी सिल्हेटकडील वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. त्यामुळे लोकांनी नावे ठेवली. आसामातील सिलचर येथे त्यांनी संसार थाटला. रमाबाईंना लाभलेले स्वतःचे असे ते पहिलेच घर. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मास आली. परंतु मूल वर्षाचेही झाले नाही तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने बिपिनबाबूंचा बळी घेतला. चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या. कडेवर मूल आणि पुढे अंधार, अशी त्यांची अवस्था झाली.

मात्र दुःख कवटाळून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांच्या साहाय्याने त्यांनी इ. स. १८८२ मध्ये आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी सरकारच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांना शिक्षिका हव्यात आणि आजारी स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, ही गोष्ट त्यांनी निर्भीडपणे मांडली. बालविधवांचे हाल त्यांना रोज दिसत होते. केस काढलेली, उपाशी ठेवलेली, अपशकुनी मानलेली दहा-बारा वर्षांची पोर पाहिली म्हणजे त्यांचे मन तिळतिळ तुटे. अशा मुलींसाठी एक घर काढावे, असे त्यांना वाटू लागले. त्यासाठी आधी आपणच अधिक शिकले पाहिजे, हे ओळखून त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून इ. स. १८८३ मध्ये इंग्लंडची वाट धरली.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्या भगिनींचे लंडनमधील एक सेवागृह त्यांनी पाहिले. समाजाने ज्यांना पतित म्हणून दूर लोटले होते, अशा स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा चालली होती. कोणी त्यांचा तिरस्कार करीत नव्हते, कोणी त्यांना शिक्षा सांगत नव्हते. हे दृश्य रमाबाईंना सर्वस्वी नवे होते. या सेवेचा झरा कोठे आहे, याचा त्या शोध घेऊ लागल्या. येशू ख्रिस्ताचे चरित्र वाचताना, लोकांनी हिणवलेल्या स्त्रियांशीही तो करुणेने बोलला, हे त्यांच्या मनावर ठसले. अखेर २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या बातमीने महाराष्ट्रात खळबळ उडाली. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांपैकी अनेकांनी पाठ फिरविली. तरीही रमाबाईंनी आपला पोशाख, आपला शाकाहार आणि आपल्या भाषेचा अभिमान सोडला नाही. मठातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्टही त्यांनी डोळे मिटून मान्य केली नाही. जे पटेल तेच स्वीकारावयाचे, हा पित्याचा बाणा त्यांच्या ठायी पुरेपूर उतरला होता.

इ. स. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. परंतु त्या तेथे सुमारे अडीच वर्षे राहिल्या. बालोद्यान पद्धतीचे शिक्षण त्यांनी घेतले, गावोगाव व्याख्याने दिली आणि हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. त्यांच्या वाणीने हेलावलेल्या लोकांनी बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन स्थापन केली व नियोजित विधवागृहाला दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखू लागला, त्या आनंदीबाई कर्वे याच. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. तेथे कोणाच्याही धर्मात हस्तक्षेप करावयाचा नाही, असा नियम होता. ज्या मुलीला आपले सोवळे पाळावयाचे असेल, तिला ती मोकळीक होती. विधवा मुली लिहू-वाचू लागल्या, हसू-बागडू लागल्या.

येथेच रमाबाईंच्या आयुष्यातील एक कठीण प्रसंग उभा राहिला. त्या पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. ही वार्ता बाहेर पसरली. विधवांना शिक्षणाच्या मिषाने बाटविण्याचा हा घाट आहे, अशी टीका वर्तमानपत्रांतून होऊ लागली. पालकांची भीती अगदीच अनाठायी होती, असे म्हणता येणार नाही. आपल्या मुली त्यांनी धर्मनिरपेक्ष संस्थेत म्हणून धाडल्या होत्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणालाही बोलावीत नाही. पण स्वतःच्या घरात देवाचे नाव घेण्यासाठी दार बंद करणार नाही. ते दार बंद करणे त्यांना सहज शक्य होते. तसे केले असते तर कदाचित वादळ शमले असते. त्यांनी तसे केले नाही. इ. स. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि सदन अर्धे ओस पडले. ज्या थोरांनी आपणास हात दिला, तेच दुरावले, याचे दुःख रमाबाईंना फार झाले. तरीही उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी काम नेटाने चालू ठेवले.

अमेरिकेतील मदतीची दहा वर्षांची मुदत संपत येत होती. तेव्हा संस्थेला उत्पन्नाचे साधन असावे म्हणून रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेस, लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. माळरानच ते. तेथे विहिरी खणल्या, फळझाडे लावली. या बागेच्या उत्पन्नावर पन्नास-पाऊणशे मुलींचे शिक्षण चालेल, असा त्यांचा हिशेब होता. परंतु त्या बागेत फळांच्या आधी मुलेच यावयाची होती.

इ. स. १८९६ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. अन्नान्न करीत माणसे रस्त्यांवर मरत असल्याच्या बातम्या पुण्यास येऊ लागल्या. त्या वाचताना रमाबाईंच्या डोळ्यांपुढे वीस-बावीस वर्षांपूर्वीचे ते अरण्य उभे राहिले. मरणोन्मुख पिता, भाकरीच्या तुकड्यासाठी तळमळणारी आई आणि परक्याच्या दारात मुक्याने रडणारी सोळा वर्षांची मुलगी त्यांना दिसू लागली. त्या वेळी त्या मुलीचे कोणी नव्हते. आज अशा शेकडो मुली परक्यांच्या दारात उभ्या असतील, त्यांचे कोण आहे? आपल्यापाशी पैसा नाही, जागा नाही, मनुष्यबळ नाही, हे रमाबाई जाणून होत्या. सदनातील मुलींचाच खर्च कसाबसा भागत होता. शहाणपण सांगत होते की घरी बसावे. पण ही ईश्वराचीच हाक आहे आणि आपणास त्या उपासमारीतून त्याने याच दिवसासाठी वाचविले, अशी त्यांची दृढ श्रद्धा झाली. हाक ऐकू आल्यावर हिशेब करीत बसणे त्यांना पाप वाटले. त्या निघाल्या.

मध्य प्रांतात त्यांनी जे पाहिले, ते वर्णनापलीकडचे होते. सरकारी अन्नछत्रांत व गरीबखान्यांत हाडांचे सापळे झालेली मुले मातीत पडलेली होती. कोणाच्या अंगावर धड वस्त्र नव्हते. अंगभर फोड, डोक्यात उवा, डोळे खोल गेलेले. त्याहून भयंकर गोष्ट अशी की, पोरक्या मुलींना फसवून वाईट मार्गाला लावणारे लोक तेथे घारीसारखे घिरट्या घालीत होते. भुकेल्या पोरीला ते खाऊ दाखवीत आणि घेऊन जात. रमाबाईंनी एक-एक मुलगी गोळा करण्यास सुरुवात केली. पुष्कळदा मुली त्यांनाही भीत. ही बाई आपणास कोठे नेणार, असा संशय त्यांच्या डोळ्यांत दिसे. ज्यांना आजवर फसवणूकच भेटली, त्यांचा दयेवर विश्वास कसा बसावा? रमाबाई त्यांना जवळ घेत, खाऊ घालीत, धीर देत. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली त्यांनी पुण्याकडे आणल्या.

पण पुण्यातही संकट वाट पाहत होते. इ. स. १८९७ च्या आरंभी शहरात प्लेगने थैमान घातले. सदनात नव्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. आता या मुलींना न्यावयाचे कोठे? केडगावचा माळ तेवढा हाती होता. तेथे ना इमारत, ना भिंत. रमाबाईंनी तंबू ठोकले, छपरे उभारली आणि मुलींना तेथे नेले. ऊन, वारा आणि पाऊस यांना तोंड देत त्या उघड्या माळावर एक नवे गाव वसू लागले.

ते काम किती अवघड होते, याची कल्पना करणेही कठीण आहे. उपासमारीने कित्येक मुली जनावरासारख्या झाल्या होत्या. ताटातले अन्न त्या हिसकावून घेत, चोरून साठवीत, एकमेकींना चावत. आज मिळाले ते उद्या मिळेलच, असा विश्वासच त्यांना राहिला नव्हता. काहींना वाचविण्याचे सर्व प्रयत्न विफल होऊन त्या रमाबाईंच्या डोळ्यांदेखत गेल्या. अशा वेळी शारदासदनातील मोठ्या मुली पुढे सरसावल्या. काही वर्षांपूर्वी ज्या स्वतः निराधार म्हणून सदनात आल्या होत्या, त्यांनी आता या पोरींचे मातृपद स्वीकारले. प्रत्येकीने काही मुली आपल्या सांभाळात घेतल्या. त्यांना न्हाऊ घालणे, जखमा धुणे, वेणीफणी करणे, अक्षरे गिरवून घेणे, सर्व काही त्या करू लागल्या. मदत घेणाऱ्याने मदत करणारा व्हावे, ही रमाबाईंच्या शिक्षणाची खरी परीक्षा होती आणि त्या मुली तिला उतरल्या.

केडगावच्या या वसाहतीला रमाबाईंनी मुक्तिसदन असे नाव दिले. इ. स. १९०० च्या सुमारास गुजरात व राजपुताना येथे पुन्हा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी आपल्या सहकारी स्त्रियांना तिकडे धाडले. शेकडो मुली नव्याने आल्या. मुक्तिसदनातील माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. शारदासदनात उच्चवर्णीय विधवाच प्रामुख्याने होत्या. मुक्तिसदनात मात्र जातीची विचारपूस नव्हती. भूक हीच तेथली ओळख आणि माणुसकी हेच तेथले कुळ. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन, मुलांसाठी सदानंदसदन, अशी निरनिराळी घरे उभी राहिली. अंध मुलींसाठीही वेगळी सोय झाली. परदेशी शिकून आलेली मनोरमा आईच्या कामात सहभागी झाली होती. उठावाच्या अक्षरांवरून बोटे फिरवून वाचावयास अंध मुली शिकल्या आणि पहिला शब्द बोटांना उमगला, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जे तेज आले असेल, ते डोळसांनाही दुर्मीळ.

रमाबाई मुलींना केवळ अन्न व अक्षरे देऊन थांबल्या नाहीत. दुसऱ्याच्या दयेवर जगण्याचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणून प्रत्येक मुलीच्या हाती काही ना काही उद्योग असावा, असा त्यांचा कटाक्ष होता. मुक्तिसदनात हातमाग चालत, तेलाचा घाणा फिरे, शिवणकाम होई. गाई-म्हशींची देखभाल, शेती, बाग, धुलाई, स्वयंपाक ही सर्व कामे मुलीच करीत. छापखानासुद्धा मुलीच चालवीत. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, यंत्र फिरविणे, पुस्तके बांधणे ही पुरुषांची मानलेली कामे खेड्यातील त्या पोरी सफाईने करू लागल्या. ज्यांना जग ओझे म्हणत होते, त्या आपला भार आपण वाहू लागल्या.

स्वतः रमाबाईंची राहणी अत्यंत साधी होती. अंगावर विधवेचे पांढरे लुगडे, आखूड केस आणि मुखावर शांत निश्चय. पहाटे सर्वांच्या आधी त्या उठत. ऐकू कमी येऊ लागले होते, तरी मुलींच्या गोंगाटात त्या रमत. इतक्या मोठ्या संसाराचा खर्च कसा चालतो, असे लोकांना कोडे पडे. कधी कोठारात उद्याचे धान्य नसे. पण ज्याने ही लेकरे माझ्या पदरात घातली, तोच त्यांना घास देईल, हा विश्वास कधी ढळला नाही. देशोदेशींच्या लोकांनी पाठविलेल्या देणग्यांतून आणि मुलींच्या श्रमांतून तो संसार चालला. इ. स. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक देऊन त्यांच्या सेवेचा गौरव केला.

आयुष्याच्या अखेरच्या सुमारे अठरा वर्षांत त्यांनी आणखी एक प्रचंड काम अंगावर घेतले. बायबल सोप्या मराठीत आणावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर त्या ग्रीक व हिब्रू भाषा शिकल्या. जिच्या ओठांवर संस्कृताचे वैभव नांदत होते, त्या विदुषीने जाणूनबुजून जड शब्द टाळले. कारण खेड्यातील अल्पशिक्षित बाईला आपले लिखाण समजावे, हाच त्यांचा हेतू होता. आईने पहाटे उठवून जी विद्या दिली, तिचे ऋण त्यांनी असे फेडले.

या श्रमांच्या शेवटी त्यांच्यावर सर्वांत मोठा घाव पडला. आईचा उजवा हात बनलेली, मुक्तिसदनाची पुढची धुरा जिच्यावर सोपवावयाची होती, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये मिरज येथे निधन पावली. सिलचरच्या घरातून उरलेली ती एकुलती एक ठेव होती. वृद्ध आईने शोक आवरला आणि हातातील लेखन पुढे चालू ठेवले. भाषांतर संपले, तेव्हा त्यांचे शरीरही थकून गेले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी चिरविश्रांती घेतली. त्यांचे संपूर्ण भाषांतर त्यांच्या पश्चात, इ. स. १९२४ मध्ये, मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.

रमाबाईंच्या मतांविषयी त्यांच्या काळी पुष्कळ वाद झाला. त्यांचा धर्मबदल अनेकांना रुचला नाही. तो मतभेद प्रामाणिक होता. काळ लोटला तसा वादाचा धुरळा खाली बसला आणि त्यांचे कार्य स्पष्ट दिसू लागले. इ. स. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्तिसदन आजही निराधार स्त्रियांना व मुलांना आसरा देत आहे.

परक्याच्या दारात उभ्या राहिलेल्या एका मुलीला भाकरीचा तुकडा मिळाला खरा. पण तो पोहोचण्यास उशीर झाला होता. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असा उशीर होऊ नये, म्हणून ती मुलगी पुढे आयुष्यभर धावत राहिली. ज्या दारासाठी तिने थोरामोठ्यांचा रोष पत्करला, ते दार तिने प्रार्थनेसाठी उघडे ठेवले होते. केडगावच्या माळावर तेच दार भुकेल्या लेकरांसाठी उघडे राहिले.